लघुग्रहाच्या इशाऱ्यावर काम करणारा अधिकारी व्हायचे असेल तर

27 डिसेंबर 2024 रोजी चिलीतील अ‍ॅटलास दुर्बिणीने 2024 वायआर4 हा लघुग्रह टिपला. 22 डिसेंबर 2032 रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता पुढच्या फेब्रुवारीत 3.1 टक्क्यांपर्यंत चढली, आणि संभाव्य आघाताचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका व अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत आला. आठवडाभरातच पृथ्वीचा धोका जवळजवळ संपला. मात्र त्या काळात कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत कळवायचे हा प्रश्न दुर्बिणीवाल्यांचा नव्हता; तो आपत्ती व्यवस्थापनातील सरकारी नोकराचा होता. ज्यांना हे काम करावेसे वाटते, त्यांच्यासाठी पुढील सूचना आहेत.

सुरुवात खगोलशास्त्रापासून करू नये. अमेरिकेत नासाचे ग्रहरक्षण समन्वय कार्यालय 2016 मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख लिंडली जॉन्सन हे हवाई दलातील दीर्घ सेवेनंतर नासात आलेले अधिकारी होते. जमिनीवरील तयारीची बाजू तेथे फेमा ही आपत्ती व्यवस्थापन संस्था पाहते, आणि तिचे रोजचे काम चक्रीवादळे, पूर व वणवे हेच आहे. म्हणून निदान दोन-तीन पावसाळे नियंत्रण कक्षात काढावेत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. समजा, पाणी 37 फुटांवर आहे, कोयनेचा विसर्ग वाढवल्याचा निरोप नुकताच आला आहे आणि नदीकाठच्या गावाचा रस्ता 41 फुटांना बंद होतो. आकडा 45 होईपर्यंत थांबणारा अधिकारी नियमाने चुकत नाही, पण तोवर गावातून माणसे काढायला रस्ता उरलेला नसतो. अपुऱ्या माहितीवर, वेळ हातात असताना, सही करण्याची ही सवय पुस्तकातून येत नाही.

यासोबत घटना प्रतिसाद प्रणाली, म्हणजे आपत्तीत कोणी कोणते काम कोणाच्या आदेशाने करायचे हे ठरवणारी पद्धत, पक्की शिकावी. 1970 च्या कॅलिफोर्नियातील वणव्यांत निरनिराळ्या यंत्रणांचा ताळमेळ बसला नाही, त्यातून अमेरिकेत ही पद्धत आकाराला आली. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी हेच जबाबदार अधिकारी ठरले.

खगोलशास्त्र लागते ते मोजकेच, पण ते चोख हवे. सर्वांत अवघड जाते ती एक गोष्ट: धोका टळण्यापूर्वी शक्यतेचा आकडा बहुधा वाढतो. समजा, लघुग्रह ज्या पट्ट्यातून जाऊ शकतो त्याची रुंदी 100 पृथ्वींएवढी आहे. तेव्हा शक्यता ढोबळमानाने 1 टक्का. नवी निरीक्षणे आली, पट्टा 33 पृथ्वींएवढा झाला आणि पृथ्वी अजून त्यातच आहे. आता शक्यता 3 टक्के. पट्टा आणखी आक्रसला आणि पृथ्वी त्याबाहेर पडली, की आकडा एकदम शून्याकडे जातो. म्हणजे आकडा वाढला तरी लघुग्रह जवळ सरकलेला नसतो, आपले अज्ञान कमी झालेले असते. हे पालकमंत्र्यांना दोन मिनिटांत, कागदावर रेघ ओढून सांगता आले पाहिजे. आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळे 10 मीटरपेक्षा मोठ्या वस्तूची शक्यता 1 टक्क्यापुढे गेली की सूचना देते, हा उंबरठाही लक्षात ठेवावा.

नंतर चेल्याबिन्स्कचा अभ्यास करावा. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातील या शहरावर सुमारे 20 मीटरचा दगड हवेतच फुटला. सुमारे 1,500 लोक जखमी झाले, बहुतेक फुटलेल्या काचांनी; कारण लख्ख उजेड पाहून माणसे खिडकीशी गेली आणि हवेचा दणका मागाहून आला. एवढ्या एका माहितीतून जाहीर सूचनेचे पहिले वाक्य तयार होते: ‘आकाशात अचानक प्रखर प्रकाश दिसल्यास खिडकी व काचेपासून ताबडतोब दूर व्हा, दणका मिनिट-दोन मिनिटांनी येतो.’

टेबलटॉप सराव, म्हणजे काल्पनिक संकटावर टेबलाशी बसून निर्णय घेण्याचा सराव, घ्यायला शिकणे ही या वाटेवरची खरी परीक्षा होय. एप्रिल 2024 मध्ये मेरीलँड येथे नासा आणि फेमा यांनी घेतलेल्या सरावात काल्पनिक लघुग्रह 12 जुलै 2038 रोजी आदळण्याची शक्यता 72 टक्के ठेवली होती, म्हणजे हातात 14 वर्षे होती. आपल्या पातळीवर पोलीस, आरोग्य, पाटबंधारे, महावितरण आणि सार्वजनिक बांधकाम यांचे पंधरा जण एका टेबलाशी बसवावेत, बंद लिफाफ्यांतून एकेक बातमी द्यावी, आणि प्रत्येक लिफाफ्यानंतर निर्णय काय व तो कोणाच्या सहीने, एवढेच लिहून घ्यावे. ‘संबंधितांना कळविण्यात येईल’ असे उत्तर आले तर ते परत करावे. माझ्या मते सरावाचा निम्मा फायदा याच एका आग्रहात आहे.

प्रवेशाविषयी थोडक्यात. अमेरिकी संघराज्याच्या नोकऱ्या सर्वसाधारणपणे नागरिकांसाठीच असतात, त्यामुळे व्हिसावर असलेल्या मराठी तरुणांनी विद्यापीठातील संशोधन किंवा स्थानिक स्वयंसेवक पथकांपासून सुरुवात करावी. भारतात ‘ग्रहरक्षण’ अशी पाटी असलेली खुर्ची शोधू नये. महसूल सेवा, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील आपत्तीविषयक शिक्षण यांतून आत यावे.

13 एप्रिल 2029 रोजी अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे 32,000 किलोमीटरवरून जाईल. तो आदळणार नाही, पण अफवा नक्की उठतील. त्या दिवसाचे पाच ओळींचे प्रसिद्धिपत्रक आजच लिहावे, एखाद्या तलाठ्याला किंवा सरपंचाला वाचून दाखवावे, आणि जिथे ते ‘म्हणजे काय?’ विचारतील ती ओळ पुन्हा लिहावी.