बिटकॉइन शेजाऱ्यापासून लपवा, आयकर खात्यापासून नाही

माझ्याकडे रिटर्न भरायला येणारी पोरं हमखास विचारतात, "सर, बिटकॉइनवर नाव नसतं ना?" नसतं. पण प्रत्येक व्यवहार सगळ्यांना दिसणाऱ्या खातेवहीत कायमचा नोंदलेला असतो, आणि एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या बाजारात, तुम्ही पॅन देऊनच शिरलेले असता. तिथून नाणी ज्या पत्त्यावर (नाणी जमा होतात तो अक्षर-आकड्यांचा क्रमांक) काढलीत, त्याचा धागा थेट तुमच्यापर्यंत येतो. जुलै 2022पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापतात, तो 26एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी विवरणात, दिसतो. मार्च 2023पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदाही लागू आहे.

तेव्हा खासगीपणा राखायचा तो इतरांपासून. पैसे घेताना दरवेळी नवा पत्ता द्या. एकच पत्ता वाटत सुटलात, तर पाचशे रुपयांचं काम देणारं गिऱ्हाईकही त्यावरची अख्खी शिल्लक बघेल. वॉलेटमध्ये (नाणी सांभाळणाऱ्या ॲपमध्ये) 'कॉइन कंट्रोल' असेल तर खर्चायची नाणी स्वतः निवडा. दोन पत्त्यांवरची नाणी एका व्यवहारात गेली, की मालक एकच, असं माग काढणारे धरून चालतात. जमल्यास स्वतःचा नोड, म्हणजे ती खातेवही आपल्याच संगणकावर ठेवणारं सॉफ्टवेअर, चालवा, नाहीतर वॉलेट कंपनीच्या सर्व्हरला तुमचे पत्ते कळतात.

मिक्सरच्या, म्हणजे अनेकांची नाणी एकत्र घोळून माग पुसू पाहणाऱ्या सेवेच्या, भानगडीत पडू नका. 2016 साली बिटफिनेक्स या एक्स्चेंजवरून चोरलेल्या नाण्यांपैकी काही नाना वाटांनी फिरवली होती. तरी माग लागलाच. 2022मध्ये अमेरिकेने चोरीच्या नाण्यांपैकी 94 हजारांवर जप्त केली.

रिटर्नमध्ये शेड्यूल व्हीडीए, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी मालमत्तेचा तक्ता, भरा. नफ्यावर 30 टक्के कर, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. मलाही हे जाचक वाटतं. खरेदीची तारीख आणि किंमत मात्र एक्सेलमध्ये लिहून ठेवा, मार्चनंतर माझ्याकडे स्क्रीनशॉट पाठवू नका.