शेतातली मुलं फॉर्ममध्ये का दिसत नाहीत? सर्वेक्षणात या चुका टाळा

फेब्रुवारीत इंदूरजवळच्या सांवेरकडच्या गावांतली आमच्या बालमजुरी सर्वेक्षणाची पहिली फेरी संपली, तेव्हा टॅबलेटवरच्या फॉर्ममध्ये काम करणाऱ्या मुलांची नोंद जवळजवळ शून्य. आणि इंदूरला परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लसणाची पात छाटत बसलेली पोरं!

खोटं कुणीच बोललं नव्हतं. आमचा प्रश्न होता, ‘बच्चे काम करते हैं?’ बाप सांगायचा, ‘काम कहाँ साब, थोड़ा हाथ बँटा देते हैं।’ त्याच्या लेखी काम म्हणजे मजुरीचं. आम्ही घरात मराठी बोलणारे आणि फॉर्मपुरते हिंदी, त्यामुळे हा फरक कानाला खटकलाच नाही. आता ‘काम’ हा शब्दच काढला आहे. लसूण कुणी उपटला? बटाटे कुणी वेचले? रात्री वीज आल्यावर पिकाला पाणी द्यायला, दारे धरायला बापाबरोबर कोण गेलं? आई सोयाबीन कापत होती तेव्हा तान्हं कुणाकडे होतं? शेवटच्या प्रश्नाशिवाय मुली सापडत नाहीत.

दुसरी चूक वेळेची. ‘मागच्या सात दिवसांत’ एवढंच विचारायचं आणि फेरी मे महिन्यात काढायची, म्हणजे रिकामं शेत मोजायचं. २०११च्या जनगणनेत ५ ते १४ वयाची सुमारे १.०१ कोटी मुलं काम करणारी नोंदली गेली. त्यातली मुख्य कामगार सुमारे ४३.५ लाखच, बाकीची वर्षात सहा महिन्यांहून कमी काम करणारी. तासांसाठी सात दिवस ठेवा, पण वर्षाचंही विचारा, आणि तेही पीक आणि सण धरून. ‘ऑक्टोबरमध्ये’ म्हटलं की लोक विचारात पडतात, ‘दसऱ्याला सोयाबीन कापताना’ म्हटलं की लगेच आठवतं.

कोणत्या घरांत जायचं, त्या यादीचंही पाहा. झाबुआ-अलिराजपूर जिल्ह्यांतून मजुरीला आलेली कुटुंबं शेतातल्या झोपडीत राहतात. इथल्या मतदारयादीत ती नसतात आणि तिकडे घराला कुलूप. होळीआधीच्या भगोरिया जत्रेला ती गावी जातात, म्हणून त्याआधीच गाठा.

शाळेसाठी आणि कामासाठी मिळून एकच चौकट देऊ नका. सकाळी शाळा आणि दुपारी खुरपणी करणारं मूल ‘विद्यार्थी’ होऊन आकड्यातून निसटतं. वय शाळेच्या दाखल्यावरून घेतलंत तर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जुलै. त्यापेक्षा विचारा, २०१६च्या उज्जैनच्या सिंहस्थाच्या वेळी हा पाळण्यात होता की चालत होता?

याउलट, शेळीमागे अर्धा तास धावणाऱ्या प्रत्येक पोराला बालमजूर ठरवण्याची घाईही मी पाहिली आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात शाळेनंतर किंवा सुटीत घरच्यांना मदत चालते, काम धोक्याचं नसेल तर. युनिसेफच्या मोजणीत बालमजूर धरायला ५ ते ११ वयाला आठवड्याचा एक तासही पुरतो, १२ ते १४ला १४ तास. एकाच मुलाचं उत्तर दोन्हींकडे वेगळं येऊ शकतं. म्हणून फिरणाऱ्या माणसाने निवाडा करू नये. त्याने तास लिहावेत, औषध फवारणी वेगळी लिहावी, वर्गवारी नंतर ऑफिसात होईल.

आकडा तरीही संशयास्पद वाटला तर तो विचारणाऱ्यांच्या नावानुसार फोडून पाहा. आमच्याकडे मुलाखती घेणाऱ्या एकाच मुलाच्या सगळ्या फॉर्मांत ‘नाही’ होतं. पोरगा प्रामाणिक होता, पण प्रत्येक मुलाखत शेतमालकाच्या ओट्यावर बसून घेत होता. पुढच्या वेळी त्याला मुलांशी बोलायला हातपंपाशी पाठवलं. आईची परवानगी घेऊन, तिला दिसेल पण मालकाला ऐकू जाणार नाही, एवढ्या अंतरावर.