नगरनियोजनाचे सिद्धान्त वाचताना जमिनीकडे पाहा

नगरनियोजनाच्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात सिद्धान्तांचा पेपर असतो आणि बहुतेक विद्यार्थी नावे, सनावळ्या आणि आकृत्या पाठ करून तो पार पाडतात. हॉवर्ड म्हटले की वर्तुळे, पेरी म्हटले की शाळा, बर्जेस म्हटले की पुन्हा वर्तुळे. पुढे नोकरी लागते, टेबलावर गाव नकाशा, सात-बाराचे उतारे आणि हरकतींचा गठ्ठा येऊन पडतो, आणि त्या पेपरचा या कामाशी काही संबंध होता याचाच विसर पडतो. मी हा विषय आधी विद्यार्थिनी म्हणून शिकले, नंतर विकास योजनांच्या कामात वावरले आणि आता अधूनमधून शिकवतेही. त्यावरून माझे मत असे झाले आहे की प्रत्येक सिद्धान्ताला एकच प्रश्न विचारावा: या कल्पनेसाठी जमीन कोणाची आणि कशी मिळवली, आणि योजनेमुळे तिची किंमत वाढली तेव्हा ती वाढ कोणाच्या पदरात पडली? हा प्रश्न हाताशी असला की पाठांतराची गरज बरीच कमी होते.

उद्याननगरीची कल्पना मांडणारे एबेनेझर हॉवर्ड हे लंडनमधले लघुलेखक होते. ते ना वास्तुविशारद होते, ना अभियंता. १८९८ मध्ये त्यांनी मांडलेल्या योजनेत ६,००० एकर जमीन होती. त्यांपैकी १,००० एकरांवर शहर, उरलेल्या जमिनीवर शेती व हिरवा पट्टा, आणि लोकसंख्या ३२,००० ठरवलेली. परीक्षेत इतके लिहिले तरी गुण मिळतात. पण योजनेचा गाभा तिच्या हिशेबात आहे. जमीन शेतीच्या भावाने एकगठ्ठा घ्यायची, ती विश्वस्तांच्या नावे ठेवायची, रहिवाशांनी भाडे भरायचे, आणि वस्ती वाढल्यावर जमिनीचे जे मूल्य वाढेल त्यातून आधी कर्ज फेडायचे व मग सार्वजनिक सोयी चालवायच्या, असा तो हिशेब होता. १९०३ मध्ये लेचवर्थला ही कल्पना प्रत्यक्षात उतरू लागली. आपल्याकडे प्रवेशद्वारापाशी चार शोभेचे माड लावून गृहसंकुलाला ‘गार्डन सिटी’ म्हणतात, तेव्हा त्यातली बाग तेवढी घेतलेली असते आणि हिशेब सोडलेला असतो.

क्लॅरन्स पेरी यांची शेजारगटाची कल्पना १९२९ सालची. अमेरिकेत मोटारी वाढल्या होत्या आणि रस्त्यावर मुले दगावत होती, हे तिच्यामागचे दुखणे होते. म्हणून मुलाला मोठा रस्ता न ओलांडता प्राथमिक शाळेत चालत जाता आले पाहिजे, या अटीवर वस्तीचा आकार ठरला: सुमारे १६० एकर, मध्यभागी शाळा, शाळेपर्यंतचे अंतर साधारण पाव मैल, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने. चंडीगडचे ८०० बाय १,२०० मीटरचे सेक्टर याच विचाराच्या घराण्यातले आहेत, आणि आपल्याकडे नवी मुंबईच्या सेक्टरांतही तो दिसतो.

नवी मुंबईपाशी नवख्या विद्यार्थ्याने जरा जास्त वेळ थांबावे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे लख्ख दिसते. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकाच्या मध्यावर खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली. ठाणे व रायगड या आजच्या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी यासाठी घ्यायच्या होत्या. जमीन संपादित करायची, विकसित करून विकायची आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, रेल्वे उभारायची, म्हणजे जमीन हेच शहराचे भांडवल, अशी ही रचना होती. वाढीव मूल्यातून शहर उभे राहावे हा हॉवर्ड यांचाच विचार. परंतु ज्यांची भातशेती आणि मिठागरे गेली त्या मूळ मालकांचा त्या वाढीत वाटा काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला होता. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. उरण-पनवेलकडे ‘साडेबारा टक्के’ एवढेच म्हटले तरी पुरते. शेजारगटावर निबंध लिहिताना हे साडेबारा टक्के वगळले, तर तो निबंध निम्माच झाला असे मी समजते.

पॅट्रिक गेडीस यांच्याविषयी मला पक्षपात आहे, तो लपवत नाही. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले हे स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये भारतात आले, त्यांनी कित्येक शहरांचे अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. योजनेआधी पाहणी, आणि पाहणीही गल्लोगल्ली पायी फिरून, हा त्यांचा आग्रह होता. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढून शेकडो घरे पाडण्याची तेव्हाची रीत त्यांना मान्य नव्हती. मोडकळीला आलेली मोजकी घरे काढावीत, त्या जागी छोटा चौक मोकळा करावा, झाड लावावे, विहीर व तलाव बुजवण्याऐवजी साफ करावेत आणि लोकांना होते तेथेच राहू द्यावे, अशी बेताची शस्त्रक्रिया ते सुचवत.

होळकरांच्या इंदूरमध्ये तर त्यांनी प्लेगच्या दिवसांत दिवाळीची मिरवणूकच हाताशी धरली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ आणि घरे डागडुजी केलेली असतील तेथून जाईल, असे जाहीर झाले आणि गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. मिळेल तेथून तो वाचावा; त्यातली भाषा आजच्या सल्लागारांच्या अहवालांपेक्षा पुष्कळ जिवंत आहे.

पाहणी करायची म्हणजे काय, हे विद्यमान भूवापर नकाशाच्या कामावर कळते. हातात भाग नकाशा घेऊन घरोघर हिंडायचे आणि प्रत्येक इमारतीला रंग द्यायचा: निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक लाल. नव्या वसाहतीत हे काम भराभर होते. जुन्या पेठेत मात्र पहिल्याच वाड्यापाशी पेन्सिल थांबते. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी घ्या. पुढच्या खोलीत तांब्याच्या भांड्यावर ठोके पडत आहेत, दारात विक्री चालू आहे, आत स्वयंपाक आणि वर बिऱ्हाड. याला रंग कोणता द्यायचा? चाकोरीतला पर्यवेक्षक तळमजल्याचा वापर लिहून पुढे जा म्हणतो. मी विद्यार्थ्यांना मजल्यागणिक नोंद करायला आणि शेऱ्यात मिश्र वापर स्पष्ट लिहायला सांगते, कारण एकदा ती इमारत नकाशावर नुसती पिवळी झाली की आतला कारखाना पुढच्या वीस वर्षांसाठी कागदोपत्री नाहीसा होतो.

अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मिश्र वापर, आखूड गल्ल्या, जुन्या-नव्या इमारतींची सरमिसळ आणि पुरेशी दाटी या चार गोष्टींची जी बाजू मांडली, ती मराठी वाचकाला पेठेत उभे राहून सहज पटते. तिथल्या ओट्यांवर आणि दुकानांत दिवसभर माणसे असतात, त्यामुळे रस्त्यावर आपोआप लक्ष राहते. मात्र जुन्या वाड्यांत पागडीचे भाडेकरू, भाऊबंदकीतले मालक आणि पुनर्विकासाचे गणित असते, आणि त्याचे उत्तर जेकब्स यांच्याकडे शोधू नये. शहर माणसाच्या मनात कसे उमटते हे सांगणारी केविन लिंच यांची मार्ग, कडा, विभाग, केंद्रबिंदू आणि ओळखखुणा ही पंचसूत्री आपल्याच गावावर लावून पाहावी. कोल्हापूरकराला पंचगंगा, बिंदू चौक आणि अंबाबाईचे देऊळ कोठे बसवायचे हे सांगावे लागत नाही. शहर कसे वाढते हे समजावणारी बर्जेस यांची वर्तुळे, हॉइट यांची क्षेत्रे आणि हॅरिस-उलमन यांची अनेक केंद्रे यांवर मात्र परीक्षेपुरताच वेळ द्यावा. ती प्रारूपे अमेरिकी शहरांच्या निरीक्षणातून आलेली आहेत.

पाठ्यपुस्तकांत ज्याला दोन परिच्छेद मिळतात आणि कामात ज्याचे मोल सर्वांत जास्त, असे तत्त्व म्हणजे नगररचना योजना, म्हणजे बोलीतली टीपीएस. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने ती आणली आणि वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले या उपनगरांची मांडणी बरीचशी तिच्यातून झाली. समजा एखाद्याची ४० गुंठ्यांची लांबट पट्टी आहे आणि तिला रस्ता नाही. योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरल्या जातात, आणि रस्ते, बाग, शाळा यांसाठी प्रत्येकाकडून सारखा हिस्सा घेतला जातो. तो ४० टक्के धरला तर १६ गुंठे जातात आणि २४ गुंठ्यांचा, चौरस, रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड मालकाला मिळतो. क्षेत्र घटते, पण बहुधा किंमत वाढते, आणि मालक जवळपास तेथेच राहतो. विकास योजनेतल्या आरक्षणात, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी जमीन राखून ठेवताना, ज्याच्या जमिनीवर रंग पडला त्याचे नशीब फिरते आणि शेजारी निवांत असतो. टीपीएसमध्ये भार आणि लाभ दोन्ही वाटले जातात. गुजरातने ही पद्धत नेटाने चालवली. आपल्याकडे लवाद, अपिले आणि विलंब यांत ती मागे पडली आणि अलीकडे पुन्हा हाती घेतली जात आहे. पुण्याच्या मगरपट्ट्यात तर शेतकऱ्यांनी स्वतःच जमिनी एकत्र करून कंपनी काढली.

यामुळेच नवख्याने १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम लवकर वाचावा, आणि तोही सिद्धान्त म्हणून. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि विहित मुदतीत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. शहरातल्या मैदानांचे आणि दवाखान्यांचे भवितव्य किती वेळा या एका कलमावर ठरते, हे कार्यालयात बसल्यावरच कळते. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. प्रारूप योजनेवरील हरकतींची सुनावणी त्या शिडीवर कोणत्या पायरीला बसते, हे प्रत्येकाने एखाद्या सुनावणीत मागच्या बाकावर बसून स्वतः ठरवावे. छापील नमुन्यातल्या शेकडो एकसारख्या हरकती आणि त्यांमध्येच कोणा आजीबाईंनी हाताने लिहिलेली, सर्व्हे नंबर चुकलेली पण म्हणणे अगदी रास्त असलेली एक हरकत, असे दोन्ही तेथे पाहायला मिळते.

या क्षेत्रात येण्याच्या वाटा थोडक्यात सांगते. बारावीनंतर नियोजनाच्या पदवीसाठी, म्हणजे बी.प्लॅन.साठी, जेईई मेनचा पेपर २बी असतो. स्थापत्य, वास्तुकला, भूगोल किंवा अर्थशास्त्र शिकलेल्यांना पदव्युत्तर प्रवेशाचे मार्ग आहेत, आणि गेट या प्रवेश परीक्षेत वास्तुकला व नियोजनाचा स्वतंत्र पेपर आहे. शासकीय सेवेत नगररचना विभागातील पदांसाठी लोकसेवा आयोगाच्या परीक्षा होतात. पात्रतेच्या अटी दर वेळी मूळ जाहिरातीतच पाहाव्यात, शिकवणी वर्गाच्या पत्रकावर विसंबू नये. खाजगी सल्लागाराकडे पहिली नोकरी घेताना पगाराइतकीच चौकशी कामाच्या वाटणीची करावी. वर्षभर नुसते क्यूजीआयएस या संगणक प्रणालीवर नकाशे रंगवून घेणारी कार्यालये पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षात एकदा तरी भूवापर पाहणीला, एकदा तरी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची कागदपत्रे जुळवायला आणि एकदा तरी सुनावणीला पाठवाल का, असे मुलाखतीतच विचारावे. उत्तर टाळले गेले तर दुसरे कार्यालय पाहावे.