परसातील पिसवांचा बंदोबस्त : माझा अनुभव

श्रावणात रंकाळ्याजवळच्या आमच्या घराच्या परसात पाऊल टाकले की घोट्यांवर लाल गांधी उठत, आणि दोन आठवडे मी त्याचे खापर डासांवर फोडत राहिलो. अखेर कुत्र्याच्या केसांतली काळी कणी ओल्या कापसावर ठेवली, तेव्हा तिच्याभोवती तांबूस डाग पसरला. ती माती नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होते.

घाईने सर्वत्र औषध फवारले, ही माझी चूक. कोशातील पिसवांपर्यंत ते सहसा पोहोचत नाही, त्यामुळे आठवड्यात त्या पुन्हा हजर झाल्या. शिवाय त्यातले परमेथ्रिन मांजरांना घातक असते, हे मला नंतर कळले.

मग पशुवैद्यांच्या सल्ल्याने कुत्र्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकले, ते दर महिन्याला चालू ठेवले आणि त्याचे अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुतले. अळ्यांना सावली व ओल लागते, म्हणून जिन्याखालचा कुजका पाचोळा उचलला आणि पेरूच्या खालच्या फांद्या छाटल्या, कारण पावसाळ्यात कोल्हापुरात ऊन मागून मिळत नाही. रोज पांढरे मोजे घालून परसात फेरी मारत असे. पहिल्या दिवशी ११ पिसवा चिकटल्या होत्या, दसऱ्याला एकही नव्हती.