लिनक्सवर जाताय? विंडोज पुसण्याआधी या चुका टाळा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न पेलणारा पीसी भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकणं केव्हाही बरं. सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या दुकानात मात्र अडचण पीसीची कमी आणि प्रिंटरची जास्त येते.

म्हणून थेट इन्स्टॉल करू नका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची फाइल) त्यात नुसती कॉपी करून चालत नाही, रुफस नावाच्या प्रोग्रामने लिहावी लागते. त्यावरून मिंट चालू करून वाय-फाय, आवाज आणि छपाई बघा. कॅनन एलबीपी २९०० ला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना घाम निघतो. एचपी १०२० ची गंमत वेगळीच. त्याचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) दर वेळी चालू केल्यावर पीसीकडून जावं लागतं. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन नसेल तर बिल पाठवलं तरी कागद हलत नाही.

श्री-लिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइल्स विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की समोर नुसता रोमन गिचमिडा. पुढच्या टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच. तेलुगू आणि कन्नड कीबोर्डही जोडून ठेवा, आपल्याकडे लागतात.

टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) भरवशावर जीएसटीचा हिशेब ठेवू नका, सरळ ड्युअल बूट करा, म्हणजे एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवा. त्यासाठी विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) लहान करताना लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो, म्हणून बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आणि पीसी यूपीएसवर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा.

लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही सेव्ह होत नसेल तर दोष बहुधा फास्ट स्टार्टअपचा. त्यामुळे विंडोज बंद दिसलं तरी अर्धवट झोपलेलं असतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ते बंद करा.

घड्याळाचा घोळही ठरलेला. विंडोज मदरबोर्डवरची वेळ स्थानिक समजतं, लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की दुपारी ३ ला काढलेल्या बिलावर सकाळचे ९:३० छापून येतात. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल (timedatectl) कमांडने ‘लोकल आरटीसी’, म्हणजे मदरबोर्डवरची वेळ स्थानिक धरणं, एकदा चालू केलं की वेळ जागेवर येते.