लेखनिक आणि जादा वेळ : फॉर्म भरतानाच मागा

दिव्यांग उमेदवाराला परीक्षेत लेखनिक (त्याच्या सांगण्यावरून उत्तरं लिहिणारी व्यक्ती) किंवा जादा वेळ मिळणं ही कुणाची मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधल्या कलम 17 मध्ये दोन्हींचा उल्लेख आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास.

घोळ होतो तो हे कधी मागायचं याचा. हॉल तिकीट हातात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा फॉर्म भरतानाच लेखनिक आणि जादा वेळेचा रकाना भरा, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. ‘बघू, करू काहीतरी’ या तोंडी आश्वासनाला परीक्षेच्या सकाळी काडीची किंमत नसते.

‘दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी आहे, नियमात बसत नाही’ असं उत्तर मिळालं तर विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2021 चा निकाल अर्जात नमूद करा. त्यात रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा विकार) असलेल्या उमेदवाराला लेखनिकाचा हक्क मान्य झाला, 40 टक्क्यांची अट न लावता. तरीही नकार आला, तर तो लेखी मागा. महाराष्ट्रात दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला, तक्रार करताना तोच कागद कामाला येतो.