झेब्रा फिंच अंडी सोडतायत? या चुका टाळा

आठवड्याला एक तरी मेसेज येतोच, दादा अंडी घातली पण आता जोडी मटकीत (घरट्याच्या छोट्या मडक्यात) बसतच नाहीये, कुठलं टॉनिक देऊ. टॉनिक राहू दे, आधी हात पिंजऱ्याबाहेर काढ.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे दर दोन तासांनी मटकीत मोबाईलचा टॉर्च मारणं. मीही केलंय. पहिली जोडी, पाच अंडी, त्यात दिवाळी, फटाके नकोत म्हणून पिंजरा गॅलरीतून हॉलमध्ये आणला, मग येईल त्या पाहुण्याला मटकी काढून दाखवली आणि भाचा तर नर हातात धरूनच बसला. भाऊबीजेला अंडी गार. आठवडाभर मी मादीलाच नावं ठेवत होतो! नंतर कळलं, पक्षी घाबरला की अ‍ॅड्रेनल ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं ताणाचं हार्मोन सुटतं, ते इतकं झपाट्याने चढतं की संशोधकांना पक्षी धरल्यापासून साधारण 3 मिनिटांत रक्त घ्यावं लागतं, नाहीतर पकडल्याचाच ताण मोजला जातो. हे हार्मोन चढलेलंच राहिलं की मेंदूकडून अंडाशयाला आणि वृषणाला जाणारे निरोप मंदावतात, बऱ्याच पक्ष्यांत अंड्यांवर बसवणारं प्रोलॅक्टिनही उतरतं. आधी जीव, अंडी काय पुन्हा घालता येतात.

मी आता मटकीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो आणि 12-14 दिवस गप्प बसतो. दोघं कांगणी खायला खाली आले तरच लांबून एक नजर, बस.

दुसरी चूक, महिनाभरात अंडी नाहीत म्हणून नर बदलणं. अहो, ही जोडी जन्माची असते. 2003 च्या एका प्रयोगात जोडीदार काढल्यावर झेब्रा फिंचचं कॉर्टिकोस्टेरॉन वाढलं आणि तोच परत आल्यावर उतरलं, दुसरा आणून ठेवला तर नाही. गोल्डियन फिंचमध्ये तर नावडता नर गळ्यात मारलेल्या माद्यांत ते तिप्पट-चौपट सापडलंय. चार-पाच पक्षी एकत्र सोडा, त्यांचं ते जमवतात, पण एवढा धीर कोणाला आहे.

रात्री एकपर्यंत ट्यूबलाइट नको. मांजर दिसेल अशी जागा नको. आणि 'स्ट्रेस घालवणारे' थेंब तर मुळीच नकोत, थोडं कॉर्टिकोस्टेरॉन पिल्लांना भरवायची धावपळ करायलाही लागतं.

भाचा आता कॉलेजात आहे, अजून मटकी दाखव म्हणतो. नाही दाखवत.